आपल्या वहीतली यादी

आपलं नाव आजवर किती वह्यांत लिहिलं गेलं आहे, ते जरा मोजून पाहा. गावच्या दप्तरात आपल्या जन्माची नोंद असते. तलाठ्याकडं सात-बाऱ्यावर नाव असतं. रेशनच्या यादीत नाव असतं. मतदारांच्या यादीत असतं. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत असतं. कुणाचं सावकाराच्या वहीतही असतं.

या साऱ्या वह्या दुसऱ्यांच्या आहेत. त्यांत काय लिहायचं ते दुसऱ्यांनी ठरवलं. आपण फक्त अंगठा उठवला.

आता तुम्हांला लिहितां-वाचतां येऊ लागलं आहे. दहा-वीस रुपयांत एक वही मिळते. ती वही तुमची. तिच्यात काय लिहायचं ते तुम्ही ठरवायचं. मग पहिल्या पानावर काय लिहाल? कुणी म्हणेल, देवाचं नाव. जरूर लिहा. पण त्याच्या खाली काय लिहायचं?

आम्ही म्हणतो, एक यादी लिहा. या आयुष्यात आपल्याला काय काय करायचं आहे, त्याची यादी.

मनातली यादी आणि कागदावरची यादी

तुम्ही म्हणाल, त्यात लिहायचं काय? ते तर मनात पाठच आहे. देणं फेडायचं आहे. पोरीला शिकवायचं आहे. घरावर पत्रे घालायचे आहेत. एकदा पंढरीची वारी करायची आहे.

खरं आहे. प्रत्येकाच्या मनात अशी यादी असतेच. पण मनातल्या यादीची एक खोड आहे. ती दर दिवशी बदलते. ज्या दिवशी देणेकरी दारात उभा राहतो, त्या दिवशी देणं पहिलं होतं. पाऊस पडून छप्पर गळलं की पत्रे पहिले होतात. जत्रेच्या दिवशी तर यादीच आठवत नाही. हातात चार पैसे असले की ते भलतीकडंच जातात. वर्ष सरतं. आपण म्हणतो, यंदा काही जमलं नाही, पुढच्या साली बघू. पुढच्या सालीही तेच होतं.

कागदावरची यादी अशी बदलत नाही. काल लिहिलेलं आजही तसंच दिसतं. ती आपल्याला विचारते, "अरे, हे तूच लिहिलं होतंस ना? त्याचं काय झालं?"

आपल्याकडं पूजेला बसलं की आधी संकल्प सोडतात. हातावर पाणी घेऊन काय करणार ते मोठ्यानं बोलतात. का बरं? बोललं की मन बांधलं जातं. लिहिलेली यादी हाही संकल्पच आहे. फरक इतकाच, की बोललेलं वाऱ्यावर जातं आणि लिहिलेलं पानावर राहतं.

अशी यादी लिहून तिच्याप्रमाणं चालणं खरोखर जमतं का? एका माणसानं ते करून पाहिलं. त्याची हकिगत आता सांगतो.

छापखान्यातला पोरगा

त्याचं नाव बेंजामिन फ्रँकलिन. अमेरिकेत बॉस्टन नावाचं शहर आहे. तिथं 1706 साली तो जन्मला. तो मुलूख तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. त्याचा बाप चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण करून विकी. घरात सतरा भावंडं. त्यांत हा पंधरावा. एवढ्यांना शिकवायचं कसं? बेंजामिनला शाळा मिळाली जेमतेम दोन वर्षं. तिथंही तो गणितात नापास झाला. दहाव्या वर्षी बापानं त्याला शाळेतून काढून धंद्यात घातलं. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला.

छापखान्यात शिशाचे खिळे असत. एका खिळ्यावर एक अक्षर. ते खिळे जुळवून ओळ करायची. ओळी जुळवून पान करायचं. हे काम करतां करतां पोराला वाचनाची गोडी लागली. दिवसभर काम आणि रात्री वाचन, असं चाले. शाळेत न आलेलं गणितही तो पुढं आपल्या आपण शिकला.

भावाशी पटेना म्हणून सतराव्या वर्षी तो घरातून पळाला. 1723 साली फिलाडेल्फिया या शहरात येऊन पोचला. खिशात पैसे थोडे. अंगावर मळकट कपडे. त्यानं तीन पावरोट्या विकत घेतल्या. एक स्वतः खाल्ली. दोन रोट्या नावेतून बरोबर आलेल्या एका बाईला आणि तिच्या लेकराला दिल्या.

पुढं तो विलायतेत लंडनला गेला. एका मोठ्या अधिकाऱ्यानं मदतीचा शब्द दिला होता. तो शब्द पोकळ निघाला. दीड-दोन वर्षं बेंजामिननं तिथल्या छापखान्यांत काम केलं. मिळवलं तेवढं खर्च झालं. 1726 साली तो जहाजात बसून परत निघाला, तेव्हा गाठीला काही नव्हतं. उलट डोक्यावर देणं होतं.

त्या देण्यातला एक भाग तर फार टोचणारा होता. ओळखीच्या एका माणसानं त्याला आपली येणी वसूल करायला सांगितली होती. ती होती सुमारे 35 पौंड. बेंजामिननं पैसे वसूल केले, पण त्या माणसाला पोचवले नाहीत. त्यातले काही एका मित्राला उसने दिले, आणि मित्रानं ते बुडवले. दुसऱ्याचा पैसा आपल्या हातून गेला, हे त्याच्या मनाला सारखं लागून होतं.

जहाजावर केलेली चार कलमं

तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. जहाजाला वाटेत अडीच महिने लागले. करायला काही काम नव्हतं. मग तो आपल्या आयुष्याचा विचार करूं लागला. आजवर आपण वारा येईल तसे वाहत आलो, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं कागद घेतला आणि पुढं कसं वागायचं ते लिहून काढलं. चार कलमं झाली.

पहिलं कलम असं, की देणं फिटेपर्यंत हात आखडून खर्च करायचा. दुसरं, सदा खरं बोलायचं आणि जे निभावणार नाही त्याचा शब्द कुणाला द्यायचा नाही. तिसरं, हातातला धंदा चिकाटीनं करायचा. झटपट श्रीमंत होण्याच्या नादी लागायचं नाही. चौथं, कुणाची निंदा करायची नाही.

पाहा बरं, यात राजा होईन, महाल बांधीन, असं काही नाही. सगळं आपल्या हातातलं आहे. पाऊस पडला नाही तरी खरं बोलतां येतं. भाव पडला तरी निंदा टाळतां येते. आणि पहिलंच कलम देण्याचं आहे.

देणं पहिलं का?

कारण देणं वाढतं. हिशेब करून पाहा. समजा, सावकाराकडून 20,000 रुपये घेतले. व्याज महिन्याला शेकडा 3 रुपये. म्हणजे महिन्याचं व्याज झालं 600 रुपये. वर्षाचं झालं 7,200. वर्षभर नुसतं व्याज भरलं तरी मुद्दल 20,000 तसंच उभं राहतं. तीन वर्षांत 21,600 रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातला एक रुपयाही कमी होत नाही.

बाकीच्या गोष्टी थांबतात. पत्रे पुढच्या साली घालतां येतात. देणं मात्र आपण झोपलो तरी वाढत असतं. म्हणून यादीत देणं असेल तर ते वर ठेवावं. दोन-तीन ठिकाणचं असेल तर ज्याचं व्याज जास्त, ते आधी फेडावं.

फिलाडेल्फियात परतल्यावर बेंजामिननं हेच केलं. 1728 साली त्यानं एका भागीदाराबरोबर छापखाना काढला. रात्री अकरापर्यंत तो कामावर असे. एका रात्री जुळवून ठेवलेला फर्मा फुटला आणि दोन पानांचे खिळे विसकटले. दुसरा म्हणाला असता, सकाळी बघू. बेंजामिननं ती दोन पानं पुन्हा जुळवली, आणि मगच तो झोपला. विकत घेतलेला कागद तो कधी कधी स्वतः हातगाडीवर घालून भर रस्त्यानं आणी. त्याची त्याला लाज वाटली नाही. लोकांनी ते पाहिलं. हा पोरगा कष्टाळू आहे, याला उधार द्यायला हरकत नाही, असं ते म्हणूं लागले. पत वाढली तसं काम वाढलं.

मग एक दिवस त्या 35 पौंडांच्या मालकाची आठवण आली. बेंजामिननं आधी थोडी मुदत मागून घेतली. हातात पैसे येताच मुद्दल दिलं, व्याज दिलं आणि उपकारही मानले. ती गोष्ट संपली.

तेरा ओळींचं पान

देणं फेडून तो थांबला नाही. वयाच्या पंचविशीच्या सुमारास त्यानं दुसरी यादी केली. आपण माणूस म्हणून चांगलं व्हायचं, असं त्याच्या मनात आलं. पण "चांगलं व्हायचं" असं नुसतं लिहून काय होणार? उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, ते त्यातून कळत नाही. म्हणून त्यानं चांगुलपणाचे तेरा तुकडे केले. खाणंपिणं बेताचं, कामापुरतं बोलणं, टापटीप, निश्चय, काटकसर, उद्योग, निष्कपटपणा, न्याय, कशाचा अतिरेक न करणं, स्वच्छता, शांत चित्त, शील आणि नम्रता. प्रत्येकापुढं एका ओळीत खुलासा लिहिला.

मग त्यानं एक लहान वही केली. पानावर तांबड्या शाईनं रेघा मारल्या. सात उभे रकाने, आठवड्याच्या सात वारांचे. तेरा आडव्या ओळी, तेरा गुणांच्या. रोज रात्री वही उघडायची. ज्या गुणात चूक झाली असेल त्याच्या ओळीत, त्या वाराखाली काळा ठिपका द्यायचा.

सगळे गुण एकदम धरायला गेलं तर एकही हातात येत नाही, हे त्यानं ओळखलं होतं. वाफ्यातलं तण काढतांना आपण काय करतो? सगळ्या रानात एकदम हात घालत नाही. एक वाफा निंदून होतो, मग दुसरा. त्यानंही तसंच केलं. एका आठवड्यात एकाच गुणाकडं नीट लक्ष द्यायचं. बाकीच्यांचे ठिपके नुसते मांडत जायचे. दुसऱ्या आठवड्यात दुसरा गुण. तेरा आठवड्यांत एक फेरी पुरी होई. वर्षाचे आठवडे 52. म्हणजे वर्षात चार फेऱ्या.

ठिपके खोडून खोडून पानाला भोकं पडूं लागली. मग त्यानं हस्तिदंताच्या पातळ पानांवर रेघा मारून घेतल्या. त्यावर तो पेन्सिलीनं ठिपके देई आणि ओल्या बोळ्यानं पुसून टाकी. आपली पाटीच म्हणा ना.

जमलं का?

सगळं जमलं नाही. हे त्यानंच आपल्या आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. पहिल्याच फेरीत त्याला धक्का बसला. आपल्यात एवढे दोष असतील असं त्याला वाटलं नव्हतं. टापटीप तर त्याला जन्मभर साधली नाही. वस्तू जिथल्या तिथं ठेवणं, कामं ठरल्या वेळी करणं, यांत तो कायम कच्चा राहिला.

त्यावर त्यानं एक मजेदार गोष्ट सांगितली आहे. एका माणसानं लोहाराकडून कुऱ्हाड घेतली. तो म्हणाला, धार जशी चकचकीत आहे, तशी सगळी कुऱ्हाड चकचकीत करून दे. लोहार म्हणाला, करतो, पण घासायच्या दगडाचं चाक तूं फिरव. लोहारानं कुऱ्हाड दगडावर जोरानं दाबून धरली. चाक फिरवतां फिरवतां गड्याला घाम फुटला. घडी घडी येऊन तो बघे. शेवटी म्हणाला, राहूं द्या, आहे तशीच नेतो. लोहार म्हणाला, अरे फिरव, अजून ठिपके आहेत. गडी म्हणाला, मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड आवडते!

आपलंही असंच होतं. दमलो की म्हणतो, आहे तेच बरं आहे. पण फ्रँकलिननं वही टाकून दिली नाही. बऱ्याच वर्षांनी, ऐंशीच्या घरात पोचल्यावर, त्यानं मागं वळून पाहिलं. आपण निर्दोष झालो नाही, पण प्रयत्न केला नसता तर जसे राहिलो असतो त्यापेक्षा पुष्कळ बरे झालो आणि सुखी झालो, असं त्याचं म्हणणं पडलं.

यादी दुसऱ्यालाही दाखवावी

त्याच्या यादीत आधी बाराच गुण होते. त्यानं ती एका मित्राला दाखवली. मित्र भला माणूस होता. तो हळूच म्हणाला, लोक तुला गर्विष्ठ समजतात. वाद घालतांना तूं दुसऱ्याला पार चेपून टाकतोस. त्यानं दाखलेही दिले. तेव्हा तेरावी ओळ आली, नम्रतेची.

पुढं फ्रँकलिननं बोलण्याची रीतच बदलली. "नक्की असंच आहे" असं ठासून बोलायचं त्यानं सोडलं. "मला असं वाटतं" असं तो म्हणूं लागला. लोक त्याचं जास्त ऐकूं लागले.

आपला दोष आपल्याला दिसत नाही. पाठीवरचा डाग दुसऱ्यालाच दिसतो. म्हणून यादी घरात दाखवावी. कारभारी लिहितो, "ट्रॅक्टर घ्यायचा." कारभारीण म्हणते, "आधी न्हाणीघराला दार लावा." मग दोघांनी मिळून ठरवावं. एकानं लिहिलेली आणि दुसऱ्यानं न वाचलेली यादी घरात भांडण लावते. बायांनी तर आपली स्वतःची यादीही करावी. घरच्या यादीत बाईचं स्वतःचं मागणं बहुधा शेवटी येतं, आणि पान तिथंच संपतं.

यादीत नसलेलं मोठं कलम

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी अमेरिकेत काळ्या माणसांना गुलाम करून विकत. फ्रँकलिनच्या घरीही गुलाम होते. त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. त्याच्या तेरा गुणांत "न्याय" हा शब्द होता. रोज रात्री तो त्या ओळीत ठिपका पाही. पण घरातल्या गुलामाचा अन्याय त्याला त्या ओळीत बरीच वर्षं दिसला नाही.

उतारवयात त्याचं मत पालटलं. 1787 साली तो गुलामगिरी बंद करूं पाहणाऱ्या एका संस्थेचा अध्यक्ष झाला. 1790 सालच्या फेब्रुवारीत त्याच्या सहीचा अर्ज अमेरिकेच्या लोकसभेपुढं गेला. गुलामगिरी बंद करा, अशी त्यात मागणी होती. ती मागणी मान्य झाली नाही. पुढं दोन महिन्यांनी, 17 एप्रिल 1790 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी तो वारला. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्यानं बंद व्हायला 1865 साल उजाडलं.

यातून आम्ही काय घ्यावं? जुनी यादी पुन्हा पुन्हा उघडून पाहावी. आपण ज्याला न्याय म्हणतो, त्यात कोण कोण बसतं आणि कोण बाहेर राहतं, ते विचारावं. आपल्या गावात पाणवठ्यावर सगळ्यांना सारखी वागणूक मिळते का? घरात मुलाच्या आणि मुलीच्या ताटात सारखं पडतं का? हे आपल्या यादीत नसेल तर घालावं. उशीर झाला म्हणून सोडूं नये.

एकट्याच्या यादीतून गावाची कामं

फ्रँकलिनचं आणखी एक सांगण्यासारखं आहे. आपली घडी बसल्यावर त्यानं गावाच्या कामांना हात घातला. पुस्तकं महाग होती. एकट्यानं घेणं परवडत नसे. म्हणून 1731 साली पन्नास जणांनी वर्गणी काढून वाचनालय सुरू केलं. शहरात लाकडी घरांना आगी लागत. म्हणून 1736 साली आग विझवणाऱ्यांची टोळी उभी केली. प्रत्येक गड्यानं आपल्या घरी चामड्याच्या बादल्या तयार ठेवायच्या, असा नियम होता. 1751 साली एका डॉक्टर मित्राच्या खटपटीला हातभार लावून दवाखाना काढला. बेचाळिसाव्या वर्षी रोजचा धंदा दुसऱ्यावर सोपवून तो अभ्यासाला मोकळा झाला. विजेचा अभ्यास केला. उंच इमारतींवर लोखंडी सळई उभारून तिचं टोक जमिनीत नेलं की वीज घराला धक्का न लावता जमिनीत जाते, हे त्यानं दाखवलं. आजही उंच इमारतींवर अशी सळई दिसते. 1776 साली अमेरिकेनं इंग्रजांपासून स्वतंत्र झाल्याचा जाहीरनामा काढला. तो तयार करणाऱ्या पाच जणांत फ्रँकलिन होता.

ही सारी कामं त्यानं वीस वर्षांचा असतांना जहाजावर लिहिली नव्हती. तिथं फक्त चार कलमं होती. आधी देणं फिटलं. मग पत आली. पत आली तशी माणसं जोडली गेली. माणसं जोडली तेव्हा मोठी कामं झाली.

तुमची यादी कशी करावी?

तुम्ही म्हणाल, तो गोरा माणूस, परक्या मुलखातला, तीनशे वर्षांपूर्वीचा. त्याचं आम्हांला काय? आम्हीही तुम्हांला त्याचे तेरा गुण पाठ करायला सांगत नाही. त्याची रीत तेवढी घ्या. ती अशी.

पहिलं. मनात येईल ते सगळं एकदा लिहून काढा. लाजूं नका. शुद्धलेखनाची काळजी करूं नका. विमान बघायचं असेल तर तेही लिहा.

दुसरं. त्यातल्या आपल्या हातातल्या गोष्टी निवडा. "यंदा पाऊस चांगला व्हावा" ही इच्छा आहे, काम नव्हे. "पावसाआधी बांध घालून घ्यायचे" हे काम आहे. यादीत कामं लिहावी.

तिसरं. त्यातल्या तीनच गोष्टींवर खूण करा. यंदा या तीन. बाकीच्या पानावर राहूं द्या. त्या कुठं पळून जात नाहीत.

चौथं. मोठ्या कामाचे लहान तुकडे करा. समजा, लिहिलं, "मुलीला बारावीपर्यंत शिकवायचं." हे काम कैक वर्षांचं. मग या महिन्यात काय करायचं? शाळेच्या गुरुजींना किंवा बाईंना एकदा भेटायचं. जन्माचा दाखला आणि जातीचा दाखला आहे का ते पाहायचं. शाळा लांब असेल तर एस.टी.चा पास कसा मिळतो ते विचारायचं. आणि एक ओळ अशी लिहायची, की अठरा वर्षं पुरी होण्याआधी तिचं लग्न काढायचं नाही. कायदाही तेच सांगतो. ही शेवटची ओळ करण्याची नव्हे, न करण्याची आहे. यादीत अशाही ओळी असाव्या.

पाचवं. पैशाचं काम असेल तर आकडा लिहा. "पैसे साठवायचे" असं लिहिलं की काही साठत नाही. "रोज 20 रुपये बाजूला" असं लिहा. महिन्याचे झाले 600. वर्षाचे झाले 7,300. ते घरच्या डब्यात ठेवले तर डब्याला हात जातो. पोस्टात किंवा बचत गटात टाका. तिथली नोंद स्वतः वाचून पाहा.

सहावं. रोज रात्री वही उघडा. सकाळी ठरवलेलं झालं असेल तर बरोबरची खूण करा. झालं नसेल तर ठिपका द्या. दोन ओळींचं काम आहे. दिवा मालवायच्या आधी उरकतं.

सातवं. दर पाडव्याला यादी पुन्हा वाचा. झालेल्यावर आडवी रेघ मारा. नको वाटेल ते खोडा. नवं सुचेल ते लिहा.

ठिपके पाहून घाबरूं नका

एक सांगून ठेवतो. पहिल्या महिन्यात ठिपकेच जास्त होतील. दुखणं येईल. पाहुणे येतील. पेरणी फुकट जाईल. ठेवलेले पैसे मोडावे लागतील. मग वाटेल, आपल्याच्यानं हे होत नाही, वही चुलीत घालावी.

तेव्हा ठिपके नीट मोजा. पहिल्या महिन्यात पंचवीस होते आणि दुसऱ्या महिन्यात बावीस झाले, तर तीन दिवस आपण ठरवल्याप्रमाणं जगलो. कुणाच्या सांगण्यावरून नाही, आपल्या स्वतःच्या लिहिण्यावरून. आणि संकटामुळं पडलेला ठिपका वेगळा, आळसामुळं पडलेला वेगळा. संकटाच्या ठिपक्याला बाजूला लहानशी खूण करा. म्हणजे स्वतःला उगाच दोष द्यावा लागणार नाही.

यादीतली प्रत्येक ओळ पुरी होईलच असं नाही. काही ओळी आपल्या मुलांसाठी राहतील. पुढं कधी मुलगा किंवा मुलगी ती वही उघडील. आपल्या आईबापाला काय हवं होतं, त्यांनी त्यासाठी काय केलं, हे त्यांना त्यांच्याच अक्षरांत वाचायला मिळेल. आपल्या आधीच्या किती पिढ्यांच्या मनात काय होतं, ते आपल्याला ठाऊक नाही. त्यांना लिहितां येत नव्हतं.

तुम्हांला येतं. आज जेवणं झाली की वही घ्या. वर आपलं नाव घाला, तारीख घाला. खाली एक, दोन, तीन असे आकडे मांडा. आणि पहिल्या आकड्यापुढं काय लिहायचं, ते घरच्या माणसांना विचारून आजच लिहून टाका.